लेनाताईची जर्मन

माझ्या नातवाने मला आयुष्यातला पहिला प्रश्न विचारला, तो मला नाही, त्याच्या आईला विचारला. रविवारची दुपार होती. मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता. काकिशने, म्हणजे माझ्या बायकोने, पलीकडे दिसावं म्हणून टेबलावर नवं कापड घातलं होतं. काचेत एमिलचं तोंड आलं. वय वर्षं सात, पुढचे दोन दात गायब, राहणार जर्मनीत, हानोव्हरजवळच्या कुठल्याशा गावात. मी घसा खाकरला आणि चार वर्षं कुणाला पत्ता न लागू देता तयार केलेली माझी जर्मन बाहेर काढली. चांगली आठ-दहा वाक्यं. ये रे राजा, बस इथे, दूध निवलंय, साय तुझ्यासाठी ठेवलीय, पाय कुठे मळवून आणलेस, असं. कुठे अडखळलो नाही. उतारावर ट्रॉलीबस सोडून द्यावी तसं तोंड आपलं आपण चाललं होतं. एमिल बघत राहिला. मग तो आईच्या कानाशी गेला. बुरुल, माझी मुलगी, हसली असती तर बरं झालं असतं. ती हसली नाही. आपल्या किरगीझमध्ये म्हणाली, "बाबा, तो विचारतोय, आजोबांना बरं नाहीये का?" मागून जावई होल्गर डोकावला, काहीतरी बोलला. "होल्गर म्हणतो, डच असेल. बाबा, तुम्ही डच कुठे शिकलात?" मी म्हटलं, आवाज नीट येत नाहीये, आणि फोन बंद केला. काकिशने टेबलावरचं कापड काढून घडी घातली. "चार वर्षं भिंतीशी बोलत होतात ना," ती म्हणाली, "आता त्या भिंतीला तरी विचारा, तिला काय समजलं ते."

त्या दुपारी मी खिडकीशी बसून राहिलो आणि मला नीट गोंधळताही येईना. म्हणजे डोक्यात शब्द येत होते, पण ते ज्या भाषेत येत होते ती भाषा जर जर्मन नव्हती, तर चार वर्षं माझ्या तोंडात राहत होती ती कोण? मी एकतीस वर्षं बिश्केकमध्ये ट्रॉलीबस चालवली. त्या काळात मी काय काय सांगितलं ते माझे मित्र अजून सांगतात. एकदा थंडीत वरची विजेची तार तुटली आणि मी उतारूंना एका सुरात गायला लावून, नुसत्या त्या गरमीवर गाडी तीन थांबे पुढे नेली, हे मीच सांगितलेलं आहे, आणि त्यातला एक थांबा तरी खरा आहे. पण जर्मनच्या बाबतीत मी एक शब्दसुद्धा फुगवला नव्हता. उलट लपवलं होतं. बुरुल तिकडे लग्न करून गेली, पोर झालं, पोराशी ती तिकडचं बोलायला लागली, आणि तीन वर्षांचा एमिल फोनवर आला की मी किरगीझमध्ये दोन शब्द बोलायचो तोवर तो खेळण्याकडे वळायचा. मागे नुसता सोफा दिसायचा. सोफ्याकडे बघत एक दिवस मी ठरवलं की या पोराशी मी त्याच्या भाषेत बोलेन, आणि बोलेन तेव्हा असा बोलेन की तो सोफ्यावरून हलणार नाही.

शिकवणीला जायचं वय नव्हतं, आणि मला शिकवणीवर विश्वासही नाही. आमच्या डेपोत तीस जणांनी शिकवणी लावून इंग्रजी घेतली होती, त्यातल्या एकालाही पुढे इंग्रजीत साधी शिवी देता आली नाही. माझी पद्धत मी माझी मी बसवली. पहिलं वर्ष तोंड बंद, नुसतं ऐकायचं. तान्हं मूल वर्षभर काही बोलत नाही, म्हणून कुणी त्याला नापास करत नाही. दुसऱ्या वर्षी ऐकता ऐकता मागोमाग बोलायचं, आवाजात आवाज मिसळून, चालताना, म्हणजे पायांनाही ठेका लागतो. अर्थ कुणाला विचारायचा नाही, पुस्तक उघडायचं नाही, आपल्या भाषेत उलटवून बघायचं नाही. शब्द थेट वस्तूला लागला पाहिजे. एकेक कॅसेट चाळीस वेळा. कमरेला जुना टेपरेकॉर्डर बांधून मी पॉप्लरच्या रांगेखालून, पाटाच्या कडेने रोज दोन तास पुटपुटत फिरायचो. त्या दुसऱ्या वर्षाच्या चौथ्या महिन्यात तिथला एक कावळा माझ्यामागोमाग बोलायला लागला, त्याचे उच्चार माझ्यापेक्षा चांगले होते. यावर विश्वास ठेवायची सक्ती नाही. पण तिसऱ्या वर्षी मी एका सकाळी चहा ओतताना स्वतःशी बोललो ते त्या भाषेत बोललो आणि बोलून झाल्यावर मला कळलं, हे मात्र खरं. त्या दिवशी मी काकिशलाही मिठी मारली होती. तिने कारण विचारलं नाही, नुसतं कपाळाला हात लावून ताप बघितला.

कॅसेटी लेनाताईच्या. लेना पेन्नर. ती आणि तिचा नवरा कोर्नेलिउस एकोणीस वर्षं आमच्या भिंतीपलीकडे राहिले. तलासच्या खोऱ्यात जर्मन लोकांची जी गावं होती तिकडची ती. आमच्या अंगणात सगळ्यांना ठाऊक होतं की पेन्नर जर्मन आहेत, सोव्हिएत पासपोर्टात वंशाच्या रकान्यात तसं लिहिलेलं होतं, आणि ते घरात बोलतात ती जर्मन, यात विचारायचं काय होतं? आमच्याशी ती रशियनमध्ये बोलायची. तिचे मुलगा-सून, नातू हाइनी आधी गेले, जर्मनीला. ही दोघं कागदांची वाट बघत दोन वर्षं मागे अडकली. त्या दोन वर्षांत लेनाताईने नातवासाठी कॅसेटी भरल्या. स्वयंपाकघरात टेप लावून ठेवायची आणि काम करता करता पोराशी बोलायची, जणू तो पायाशी बसलाय. मग एक दिवस कागद आले, आणि ती स्वतःच निघाली म्हटल्यावर कॅसेटींचं काय काम? खोकं माझ्याकडे देऊन म्हणाली, "पूस आणि गाणी भर यावर, तुर्दाकुन. चांगल्या कंपनीच्या आहेत." मी पुसल्या नाहीत. प्रेमाने नाही, आळसाने. खोकं बाल्कनीत पडून राहिलं, आणि तिकडून पहिल्या वर्षीच कोर्नेलिउसचं पत्र आलं की लेना गेली. तेव्हा मी खोकं बाल्कनीतून आत आणून ठेवलं, एवढंच केलं.

पुस्तकाशिवाय मला अर्थ कसे लागले, असं कुणीही विचारेल. पण मला तिचं स्वयंपाकघर कानाने पाठ होतं. कॅसेटमध्ये झाकण वाजलं की मला कळायचं हे निळ्या भांड्याचं, आता दूध वर आलंय, आणि पाठोपाठ जो शब्द यायचा तो दूध तरी असणार किंवा उतू जाणं तरी. तिसऱ्यांदा आला की नक्की. लाटणं, चूल, खिडकीचा खिळखिळा कडीकोयंडा, अंगणातली कोंबडी, कोर्नेलिउसचे बूट. बूट वाजले की ती नेहमी एकच ओळ बोलायची, दमलास ना, बस. असे हजारो शब्द मी गोळा केले आणि प्रत्येकाला तिच्या घरातल्या एखाद्या वस्तूचा वास होता. मला वाटायचं मी भाषा शिकतोय. त्या रविवारी खिडकीत बसून पहिल्यांदा मनात आलं की मी कदाचित भाषा शिकलोच नसेन, एक घरच शिकलो असेन, ज्यात आता दुसरंच कुटुंब राहतं आणि जिथल्या दुधाची साय दुसऱ्याच कुणाच्या नातवासाठी ठेवलेली होती. मग चार वर्षं मी काय चोरत होतो? का चोरी नव्हतीच? ती तर पूस म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात गेलो. तिथे वरच्या मजल्यावर वेरा मात्वेयेव्ना बसते. शाळेत चाळीस वर्षं जर्मन शिकवून निवृत्त झालेली, आता तिकडे जाणाऱ्या पोरापोरींना परीक्षेपुरती तयार करून देते. मी म्हटलं, मला एक भाषा येते, ती कुठली ते सांगा. तिने अशा माणसांची सवय असल्यासारखी मान हलवली. "बोला काहीतरी." मी बोललो. तिने चष्मा काढला.

"तलासची होती का?"

"कोण?"

"ही बाई. जिच्याकडून शिकलात ती."

"मी बाईकडून शिकलो हे कशावरून?"

"तुर्दाकुन, तुम्ही आत्ता माझ्याशी बोलता बोलता नसलेल्या एप्रनला हात पुसलेत," ती म्हणाली. मी हातांकडे बघितलं. ते मांडीवर होते, पण आत्ताच कुठूनतरी आल्यासारखे. मग तिने सांगितलं. हे लोक कित्येक पिढ्यांपूर्वी तिकडच्या उत्तर किनाऱ्यावरून निघाले, देश बदलत बदलत इथवर आले, आणि घरात बोलायची भाषा त्यांनी तशीच जपली. ती शाळेतली जर्मन नव्हे. चर्चमध्ये, पत्रात, पाहुण्यांशी ते लोक दुसरी बोलायचे, एमिलची. "तुमच्या लेनाताईला तीही येत असणार. पण नातवाशी कोण परक्यासारखं बोलेल? तिने घरातली काढली. आणि खरं सांगू का, तुम्ही ती उत्तम शिकलात. माझ्याकडे एवढ्या वर्षांत कुणी इतकं शिकलं नाही. फक्त तुम्ही सत्तरीच्या बाईसारखे बोलता."

"मी सत्तरीचा आहेच."

"निम्मं जमलं म्हणायचं."

मी विचारलं, "माझ्या नातवाला यातलं काही कळेल?"

"मधून मधून एखादा शब्द. ओळखीच्या माणसाची पाठ दिसल्यासारखा. तो येतोय कधी?"

"पाच आठवड्यांनी. दहा दिवस राहणार."

तिने एक पुस्तक दिलं. मी घेतलं, माझ्या पद्धतीत बसत नव्हतं तरी घेतलं. पाच आठवडे त्याच्याशी झटलो. विचित्र हाल झाले. नवा शब्द दार वाजवायचा आणि दार उघडायला आधीच लेनाताई उभी. पुस्तकातला माणूस स्टेशनचा रस्ता विचारत होता, हॉटेलात खोली मागत होता, त्याला भाऊ नव्हता, बहीण नव्हती, त्याच्या घरी कधी दूध उतू गेलं नसावं. त्याचं वाक्य मी सुरू करायचो आणि निम्म्यावर माझा आवाज मऊ पडायचा, शेवटाला तिचंच काहीतरी यायचं. म्हणजे स्टेशन कुठे आहे असं सुरू करून मी राजा पाय पूस असा थांबायचो. एका सकाळी पावाच्या दुकानात मी विकणाऱ्या मुलीकडे पाव मागितला आणि ती म्हणाली, "काय हवंय आजोबा?" पुन्हा मागितला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बोटाने दाखवला. बाहेर आलो तेव्हा पाव हातात होता आणि त्याला आमच्या भाषेत काय म्हणतात ते सांगता येईना. पाटाच्या कडेला उभा राहून मी आमच्या आईचं तोंड आठवलं, तिचे हात आठवले, तंदूर आठवला, तो शब्द म्हणताना तिचे ओठ हलताना दिसले, पण आवाज लेनाताईचा. एक कुत्रं माझ्याकडे बघत होतं. मी घरी येऊन काकिशला म्हटलं, "याला काय म्हणतात?" ती म्हणाली, "शिळा." मग माझं तोंड बघून आपला साधा शब्द म्हणाली, हळू, आजाऱ्याला सांगावा तसा.

त्या दिवशी मी पुस्तक मिटलं आणि ठरवलं की आपल्या पद्धतीवर परत जायचं. पहिली पायरी, तोंड बंद. पोर येईल, त्याला बोलू द्यायचं, आपण ऐकायचं. पद्धत म्हणून यात चूक काढायला जागा नव्हती. फक्त एक वर्षाच्या जागी दहा दिवस होते.

एमिल आला, आईबरोबर. विमानतळावर मी त्याचं कपाळ हुंगलं, त्याने अंग चोरलं नाही. घाम, बिस्किटं आणि विमानाचा वास. पण मी बोललो काही नाही. पहिल्या दिवशी तो माझ्याशी पुष्कळ बोलला. त्याने मला एक गाडी दाखवली, दात पडल्याची जागा दाखवली, पाटाच्या पाण्यात पॉप्लरच्या साली सोडून शर्यत लावली आणि माझी साल हरली म्हणून मला काहीतरी समजावलं. मी ऐकत होतो, जीव कानात आणून ऐकत होतो, आणि तोंड असं घट्ट मिटलं होतं की जबडा दुखायला लागला. दुसऱ्या दिवशी तो कमी बोलला. चौथ्या दिवशी साल सोडताना त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. अंगणात बायका कुजबुजायला लागल्या की तुर्दाकुनला झटका आला असावा, आजवर हा माणूस झोपेतसुद्धा गप्प बसला नव्हता. सहाव्या दिवशी मी भांडी विसळत होतो, बुरुल टॉवेल घेऊन शेजारी उभी राहिली.

"बाबा, एमिल विचारत होता, आजोबांना मी आवडत नाही का?"

"तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, आजोबा म्हातारे झालेत."

"हे काय उत्तर झालं?"

"मग तुम्ही सांगा ना उत्तर. चार वर्षं फोनवर माझ्याशी धड बोलला नाहीत, म्हणे गुपित आहे. आता तो समोर आलाय तर तोंडाला कुलूप. त्याला भाषेचं काही पडलेलं नाही बाबा. तिकडे शेजारची तुर्की आजी त्याच्याशी तुर्कीत बोलते, तो मजेत बसतो."

मी म्हटलं, "मला ऐकायचंय आधी." ती म्हणाली, "तो बोलायचा थांबलाय, हे ऐकू आलं का?" ताटली पुसून तिने जागेवर ठेवली. ती ज्या आवाजात ठेवली गेली तो आवाज मात्र मला नीट कळला.

आठव्या दिवशी पोरासाठी मेंढा कापला. काकिशची माणसं आली, तिचा थोरला भाऊ असाणकुल आला, घर भरलं. मांस शिजलं, आणि वडीलधारा म्हणून डोकं माझ्यापुढे आलं. आमच्याकडे डोक्याचा कान कापून घरातल्या लहानग्याला द्यायचा असतो, म्हणजे पोर मोठ्यांचं ऐकतं, आणि देताना चार शब्द बोलायचे असतात. बोलल्याशिवाय कुणी घास उचलत नाही. मी सुरीने कान कापला, बोटांत धरला, एमिलला समोर बसवलं. सगळे थांबले. पुस्तकातली दोन वाक्यं मी सकाळपासून घोकली होती, स्वच्छ, इस्त्री केलेली. तोंड उघडलं आणि आतून जे यायचं तेच आलं. राजा, खा हे, गरम आहे तोवर खा, किती दिवस तू आलास आणि मी तुझ्याशी बोलले नाही, माझं तोंडच उघडेना रे बाळा. आणि आणखी बरंच काही. माझा आवाज मलाच ऐकू येत होता, मऊ, थोडा कापरा, स्वयंपाकघरातला. मी थांबू शकलो नाही.

"वा," असाणकुल म्हणाला, "मला वाटायचं हा थापा मारतो. जर्मन तर अशी बोलतोय जणू तिकडेच जन्मला." सगळ्यांनी माना डोलावल्या. काकिशने डोळे पुसले, ते मात्र कशासाठी, मला कळलं नाही. त्या भरल्या घरात काकिश सोडून फक्त तिघांना ठाऊक होतं की ही एमिलची भाषा नाही. बुरुलने मान खाली घातली होती. मी सुरी धरून बसलो होतो. आणि तिसरा एमिल, तो माझ्याकडे बघत होता. त्याने आईकडे बघितलं नाही. एक शब्द, आजोबा काय म्हणताहेत एवढंच त्याने विचारलं असतं, तर सगळं तिथेच संपलं असतं.

त्याने माझ्या बोटांतून कान घेतला. चिमटीत धरून त्याचं टोक बघितलं, वास घेतला, ओठ वाकडे केले. मग गुडघ्यांवर उठून पुढे झुकला आणि कान माझ्याच तोंडात घातला.

"उलटं झालं," असाणकुल म्हणाला. "अरे, पोराने उलटं केलं." कुणी हसलं, कुणी म्हणालं चालतं, परदेशात असंच असेल. मी चावायला लागलो. कान चिवट असतो, आत कुर्रकुर्र वाजतो. तोंड भरलेल्या माणसाकडे उत्तर मागत नाहीत, हे एमिलला तिकडे शिकवलेलं असावं, कारण तो मांडी घालून माझ्यासमोर बसला आणि बोलायला लागला. सहा दिवसांचं साठलेलं होतं. पाण्याबद्दल काहीतरी, सालीबद्दल, बहुतेक मी हरलो त्याबद्दल, मग कुठलीतरी गाडी किंवा घोडा, मग त्याने दोन्ही हात लांब केले आणि आवाज बारीक केला, म्हणजे कुणीतरी लहान होतं किंवा लांब गेलं होतं. मधे एक शब्द ओळखीचा वाटला, मी भुवया उंचावल्या, तोवर तो गर्दीत निघून गेला. माणसं जेवायला लागली होती. त्याने थांबून माझं तोंड निरखलं, समजलं का म्हणून. मला कळेना हो म्हणावं की नाही. मी गालाकडे बोट दाखवलं, अजून चावतोय. त्याने समजूतदारपणे मान डोलावली आणि तेच सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं, या वेळी सावकाश, एकेक शब्द वेगळा ठेवत.

कान केव्हाच पोटात गेला होता. मी चावत राहिलो.